डॉक्टर हवाच, पण एकटा नको

ग्रामीण आरोग्यसेवेच्या चर्चेत गेली काही वर्षे एक आक्षेप ठामपणे घेतला जातो. खेड्यातल्या माणसाला डॉक्टर हवा असताना शासन त्याच्या दारी आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला समुदाय आरोग्य अधिकारी पाठवून त्याची बोळवण करते, असा हा आक्षेप आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुपदेशक आणि गावातली आरोग्य कार्यकर्ती अशा वेगवेगळ्या विद्या शिकलेल्या माणसांनी एका ठरावीक लोकसंख्येच्या आरोग्याची जबाबदारी मिळून घ्यायची, या पद्धतीला बहुविद्याशाखीय आरोग्यपथक म्हणतात. आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या दृष्टीने ही पद्धत म्हणजे डॉक्टरांच्या टंचाईवर घातलेले पांघरूण होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन नेमके याच्या विरुद्ध आहे. पानशेतच्या खोऱ्यासारख्या मुलखात एकट्या डॉक्टरवर टाकलेली आरोग्यसेवा हीच दुय्यम प्रतीची सेवा ठरते, आणि डॉक्टरच्या ज्ञानाला त्याचे खरे मोल मिळते ते पथकातच.

विरोधी मताची उत्तम मांडणी आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. पहिला मुद्दा समतेचा आहे: पुण्यातल्या रुग्णाला पदवीधर डॉक्टर मिळतो, तर धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला त्याहून कमी का मिळावे? दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे: अपुरे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला साध्या तापामागचा गंभीर आजार ओळखता आला नाही, तर किंमत रुग्ण मोजतो. तिसरा मुद्दा शासनाच्या हेतूविषयीचा आहे: एकदा पथक उभे राहिले की वैद्यकीय अधिकाऱ्याचे रिक्त पद भरण्याची निकड संपते. चौथा मुद्दा नात्याचा आहे: रुग्ण अनेकांच्या हातांतून गेला की तो कोणाचाच राहत नाही, आणि मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली फॅमिली डॉक्टरची संस्था मोडते. या चारही मुद्द्यांना वेगवेगळे उत्तर द्यावे लागते. पण त्याआधी ज्या भूमीवर हा वाद उभा आहे तिचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

पानशेत हे नाव महाराष्ट्राला 12 जुलै 1961 रोजी फुटलेल्या धरणामुळे आणि त्या दिवशी पुण्यात शिरलेल्या पाण्यामुळे ठाऊक आहे. पुण्याहून सुमारे 40 किलोमीटरवर, आंबी नदीवर हे धरण पुन्हा उभे राहिले, त्याच्या जलाशयाला तानाजीसागर हे नाव मिळाले आणि शेजारी मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले. पुणे शहराची तहान भागवणाऱ्या या पाण्याने खोऱ्याचा तळ व्यापला आणि मागे राहिलेली वस्ती डोंगरउतारांवर विखुरली. शिरकोली, माणगाव, टेकपोळे, दापसर, घोल ही गावे आणि त्यांच्या माथ्यावरच्या धनगरवस्त्या यांच्यापासून दवाखान्याचे अंतर नकाशावरच्या सरळ रेषेने मोजता येत नाही, कारण माणसाला पाण्याला वळसा घालून खाली यावे लागते, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर तेही जमत नाही. अनेक घरांतली तरुण माणसे पुण्या-मुंबईला कामाला गेलेली असल्यामुळे गावात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, आणि वृद्धांचे आजार हे एकदा बरे होऊन संपणारे नसून वर्षानुवर्षे सांभाळावे लागणारे आहेत.

शासनाचे माप मात्र डोकी मोजते. डोंगरी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. मैदानी भागासाठी हेच आकडे 5,000 आणि 30,000 असे आहेत. ही गावे ज्यात येतात त्या वेल्हे तालुक्याची, म्हणजे आता राजगड हे नाव मिळालेल्या तालुक्याची, लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 54 हजार होती. या मापाने सबंध तालुक्याच्या वाट्याला जेमतेम तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे येतात. अशा केंद्रातील एकेक वैद्यकीय अधिकारी कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो, आणि तो केंद्रात बसला की घोलच्या म्हातारीपर्यंत पोहोचत नाही, घोलला गेला की केंद्रातली रांग तशीच राहते. डॉक्टरांची संख्या दुप्पट केली तरी ही अडचण निम्मीच होते. ती सुटण्यासाठी कामाची वाटणी बदलावी लागते.

आता समतेच्या मुद्द्याकडे वळता येईल. या मुद्द्याच्या पाठीशी बहुधा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा 1946 चा अहवाल उभा केला जातो. समितीच्या नावाचा शेजारच्या भोर तालुक्याशी काही संबंध नाही, परंतु भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातून रुजली. कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या ‘लायसेन्शिएट’ डॉक्टरांचा वर्ग बंद करून देशात एकाच प्रतीचा मूलभूत डॉक्टर असावा, असे समितीच्या बहुमताने ठरवले, हे खरे आहे. परंतु त्याच अहवालाने 40,000 लोकसंख्येसाठी सुचवलेल्या केंद्रात दोन डॉक्टरांच्या जोडीला चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहाय्यक आणि एक औषधनिर्माता मागितला होता, याचा उल्लेख सोयीस्करपणे गाळला जातो. समान प्रतीचा डॉक्टर आणि त्याच्याभोवती भरभक्कम पथक, या दोन्ही गोष्टी त्या अहवालात एकत्र होत्या. 1978 च्या आल्मा-आता जाहीरनाम्यानेही प्राथमिक आरोग्यसेवा ही डॉक्टर, परिचारिका, सुईणी, सहाय्यक आणि समुदायातील कार्यकर्ते यांनी पथक म्हणून करायची गोष्ट आहे, असेच म्हटले. शहरातला सधन रुग्णही एकट्या डॉक्टरवर जगत नाही. त्याच्या मागे प्रयोगशाळा, औषध दुकान, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ उभे असतात, फक्त तो त्यांना पथक म्हणत नाही. समतेचा खरा अर्थ लावायचा तर खेड्यातल्या रुग्णाला डॉक्टर आणि हे सारे मिळून हवे.

सुरक्षिततेचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर प्रत्यक्ष कामाच्या तपशिलातूनच देता येते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत होणारा सर्पदंश घेतला, तर उपचाराची साखळी शेताच्या बांधावरच सुरू होते. दंशाची जागा कापू नये, करकचून आवळू नये, अवयव हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखान्याकडे निघावे, हे सांगणारे माणूस वस्तीतच असावे लागते, आणि ते काम आशा करू शकते. केंद्रात पोहोचल्यावर परिचारिका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवते. नळी कलती केल्यावर रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती बाधित झाल्याचे कळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस योग्य तापमानात आणि पुरेशा संख्येने शिल्लक ठेवणे हे औषधनिर्माण अधिकाऱ्याचे काम आहे. लस द्यायची की नाही, तिची तीव्र प्रतिक्रिया उमटली तर काय करायचे, श्वास मंदावला तर रुग्णाला कोणत्या टप्प्यावर पुढे हलवायचे, हे निर्णय डॉक्टरचे आहेत, आणि वाटेत श्वास चालू ठेवणे हे 108 रुग्णवाहिकेतील माणसांचे. या साखळीतील एकही कडी निखळली तर उत्तम डॉक्टरही हतबल होतो; एकटा डॉक्टर म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण इथेच कोसळते.

याच डोंगररांगेच्या पलीकडे, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम हे एकट्या डॉक्टरच्या कर्तृत्वाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने आवरता येतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण वाचले. या कामाचे मोठेपण वादातीत आहे. परंतु त्याचा धडा विरोधकांना हवा तो नाही. उपचार तोंडाने घ्यायच्या एका स्वस्त गोळीत उतरल्यामुळेच तो शोध लावणाऱ्या डॉक्टरच्या खोलीबाहेर पडला आणि दूरच्या केंद्रांत इतरांच्या हातून देता येऊ लागला. ज्ञान एका डॉक्टरने निर्माण केले असले, तरी ते जीव वाचवू लागले ते अनेकांच्या हातांत गेल्यावर.

महाराष्ट्राने या बाबतीत जगाला दिलेला पुरावा तर याहून थेट आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. पुणे जिल्ह्यातच वढू येथे केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी ग्रामीण आरोग्य मार्गदर्शकांचे जाळे उभारले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्या स्त्रीच्या हाती इंजेक्शन देणे धोक्याचे, हा आक्षेप तेव्हाही होता. त्याला त्या गावांतल्या जगलेल्या मुलांनी उत्तर दिले.

तरीही कोणत्याही हाताला कोणतेही काम देता येते, असा निष्कर्ष यातून काढणे अप्रामाणिक ठरेल. छत्तीसगडमध्ये तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ग्रामीण वैद्यकीय सहाय्यकांची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी करणाऱ्या अभ्यासात, प्राथमिक स्तरावरील नेहमीच्या आजारांपुरते दोघांचे कौशल्य सारखे आढळले. परंतु ज्यांना रोगनिदानाचे शिक्षणच मिळाले नव्हते, अशा निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांना डॉक्टरविना केंद्र चालवावे लागत होते तिथे कौशल्य सर्वांत कमी दिसले. या निष्कर्षाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. शिक्षण आणि काम यांची नीट जुळणी झाली तर सेवा सुरक्षित राहते, आणि जुळणी न करता माणूस पुढे ढकलला तर विरोधकांची भीती खरी ठरते. गडचिरोलीतल्या स्त्रियांना सर्व रोगांचे निदान करायला सांगितले नव्हते. त्यांना ठरावीक लक्षणे, ठरावीक औषध आणि ठरावीक मात्रा शिकवली होती, आणि त्यांच्यावर सातत्याने देखरेख होती. मर्यादा ठरवून दिलेले काम आणि मर्यादेपलीकडे गेले की हाक मारता येईल असा डॉक्टर, ही पथकाच्या सुरक्षिततेची अट आहे.

इथेच विरोधकांकडून होणारी एक मोठी गफलत उघड होते. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम 32 ने ‘समुदाय आरोग्य पुरवठादार’ या नावाखाली मध्यम स्तरावरील व्यक्तींना मर्यादित वैद्यक व्यवसायाचा परवाना देण्याची तरतूद केली, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने त्या कायद्याच्या विधेयकाविरुद्ध 31 जुलै 2019 रोजी देशव्यापी संप पुकारला. परवाना नेमका कोणाला मिळणार याची व्याख्या कायद्यात सैल ठेवली गेली, ही डॉक्टरांची तक्रार रास्त होती. परंतु व्यक्तीला स्वतंत्र व्यवसायाचा परवाना देणे ही पथकाची कल्पनाच नव्हे. तो कमी शिकलेला दुसरा एकटा डॉक्टर उभा करण्याचा प्रकार आहे. पथकात अधिकार व्यक्तीला न मिळता कामाच्या वाटणीला मिळतो. कलम 32 ला विरोध करणाऱ्यांनी याच कारणासाठी पथकाचा आग्रह धरायला हवा होता. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या गेल्या.

शासनाच्या हेतूविषयीचा तिसरा मुद्दा सर्वांत कटू आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पथकाच्या नावाखाली रिक्त पदे झाकली जातात, एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेवर आलेला तरुण डॉक्टर निघून गेला की त्याची जागा कागदोपत्री इतरांवर वाटली जाते, आणि ज्यांच्या खांद्यावर हे सारे उभे आहे त्या आशांना पगाराऐवजी कामागणिक मोबदला मिळतो. महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तकांना 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपावर जावे लागले, ही राज्याला भूषणावह गोष्ट नाही. पण या अन्यायातून निघणारा निष्कर्ष कोणता? पथक उपाशी ठेवले म्हणून पथकाची कल्पना चुकीची ठरत असेल, तर पदे रिकामी ठेवली म्हणून डॉक्टरची कल्पनाही चुकीची ठरेल. जे शासन पथकाला स्वस्त पर्याय समजते आणि जे विरोधक पथकाला स्वस्त पर्याय म्हणून नाकारतात, ते दोघेही एकच चूक करतात: काम वाटून घेणे म्हणजे खर्च वाचवणे, असे दोघेही गृहीत धरतात.

इंग्लंडच्या अनुभवाने ही चूक किती महाग पडते ते दाखवून दिले आहे. तिथे जनरल प्रॅक्टिसवरील, म्हणजे कुटुंबाला पहिल्या पायरीवर मिळणाऱ्या डॉक्टरी सेवेवरील, भार हलका करण्यासाठी 2019 पासून सरकारी पैशाने औषधतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित सेवक आणि सामाजिक आधार देणारे कार्यकर्ते नेमण्यात आले. परंतु हा पैसा डॉक्टर नेमायला वापरता येणार नाही असा नियम असल्यामुळे, रुग्णांची रांग कायम असताना नव्याने शिकून आलेल्या डॉक्टरांना काम मिळेना, आणि 2024 मध्ये सरकारला हा नियम बदलून त्याच योजनेतून नवे डॉक्टर नेमू द्यावे लागले. 2025 मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ या सहाय्यकांविषयीच्या अधिकृत परीक्षणाने, निदान न झालेला रुग्ण त्यांनी पहिल्याने तपासू नये, अशी शिफारस केली. पथक तोडा, असे मात्र तिथे कोणी ठरवले नाही. पथकातल्या डॉक्टरची जागा आणि इतरांची मर्यादा नव्याने आखली गेली. ब्राझीलने 1994 पासून एक डॉक्टर, एक परिचारिका, परिचारिका-सहाय्यक आणि घरोघरी जाणाऱ्या समुदाय कार्यकर्त्या यांचे पथक काही हजार लोकांना नेमून दिले, आणि तिथे डॉक्टर पथकाचा घटक म्हणून पहिल्यापासून मोजला गेला.

चौथा मुद्दा नात्याचा. घराची तीन पिढ्यांची हकिकत ठाऊक असलेला फॅमिली डॉक्टर ही मोलाची संस्था आहे, आणि तिच्याविषयीची ओढ समजण्याजोगी आहे. परंतु डोंगरातल्या गावाला असा डॉक्टर कितपत लाभला? सरकारी केंद्रातला बंधपत्रित डॉक्टर वर्षाला बदलतो. बाजारपेठेच्या गावातला खासगी डॉक्टर, जो बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो, दारी आलेल्या रुग्णालाच पाहू शकतो. वर्षानुवर्षे गावात राहणारी, कोणाच्या घरात कोण आजारी आहे आणि कोणाची सून गरोदर आहे हे जाणणारी व्यक्ती आशा असते, कारण ती त्याच गावची रहिवासी असावी अशी नेमणुकीची अटच आहे. डॉक्टर बदलतो, आशा राहते. नात्याचे सातत्य जपायचे असेल, तर ते तिच्या माध्यमातून आणि रुग्णाच्या एकाच, सर्वांना वाचता येणाऱ्या नोंदीतून जपावे लागेल. खासगी डॉक्टरलाही या पथकाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळवणे 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि जे क्षयरोगात जमते ते रक्तदाबात आणि मधुमेहात जमू नये असे काही नाही.

पथकाने डॉक्टरवरचा भार नेमका कसा हलका होतो, हे रक्तदाबाच्या उदाहरणावरून हिशेबानेच दाखवता येते. समजा, एका केंद्राच्या 20,000 लोकसंख्येत 600 जण रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेतात आणि प्रत्येकाला त्यासाठी दरमहा डॉक्टरकडेच यावे लागते. महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले, तर रोज 24 रुग्ण केवळ तीच गोळी पुन्हा घ्यायला रांगेत उभे राहतील, आणि प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तरी डॉक्टरचे दोन तास त्यातच जातील. हेच काम उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने केले, दाब मोजून नोंदवला, ठरावीक पद्धतीनुसार महिन्याची गोळी दिली आणि दाब आटोक्यात नसलेल्यांनाच डॉक्टरकडे पाठवले, तर डॉक्टरचे दोन तास मोकळे होतात आणि टेकपोळ्याच्या वृद्धाची दिवसाची पायपीटही वाचते. 2017 मध्ये जाहीर झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमकी हीच वाटणी स्वीकारली. महाराष्ट्रातील त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत भोरला लागून असलेला सातारा होता. ठरावीक उपचारपद्धती, अखंड औषधपुरवठा, पथकाने केलेली देखभाल, घराजवळ मिळणारी सेवा आणि रुग्णागणिक नोंद हे त्याचे पाच आधार आहेत, आणि त्यातला एकही आधार डॉक्टरला वगळून उभा राहत नाही.

यावरून पानशेतच्या खोऱ्यासाठी मागायचे ते स्पष्ट होते. वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रत्येक पद भरलेले हवे, आणि ते भरणे ही पथक उभारण्याची पहिली अट असावी. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक यांनी कोणते काम स्वतः करायचे आणि कोणत्या लक्षणाला तत्काळ डॉक्टरला कळवायचे, याची मराठीतली लेखी यादी प्रत्येकाच्या हाती असावी. आशांना ठरलेले मासिक वेतन मिळावे. आठवड्यातून एकदा पथकाने एकत्र बसून अवघड रुग्णांचा विचार करावा, आणि मोबाइलचा संपर्क नसलेल्या वस्त्यांसाठी डॉक्टरचा फिरता दिवस ठरलेला असावा, कारण 2019 पासून चालू असलेली ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सोय संपर्काविना निरुपयोगी ठरते. यांपैकी पहिली सोडली तर एकही मागणी एकट्या डॉक्टरच्या आग्रहातून निघत नाही.

एकट्या डॉक्टरचा आग्रह धरणारे खेड्याचे हितचिंतकच आहेत, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या डॉक्टरला ते खेड्यात पाठवू इच्छितात, त्याच्या दिवसाचा विचार त्यांच्या युक्तिवादात कुठेही येत नाही. गोळ्यांच्या रांगेत, नोंदवह्यांत आणि अहवालांत दमलेल्या डॉक्टरपुढे जेव्हा छातीत दुखणारा शेतकरी किंवा झटके आलेली गरोदर बाई येते, तेव्हा त्या रुग्णाला डॉक्टरचे पूर्ण लक्ष मिळेल याची हमी पदवी देत नाही. ती हमी देतात ते इतर हात, ज्यांनी त्या दिवशीचे बाकीचे काम आधीच उचललेले असते.